घोडेस्वारीचे सर बदलायचे आहेत? मनं न दुखावता कसे बदलाल

जिमचा ट्रेनर बदलला तर कुणाला पत्ताही लागत नाही. घोडेस्वारीत तसं नसतं. पुण्याच्या आसपास राइडिंग शिकवणाऱ्या जागा मोजक्या, आणि तिथली माणसं एकमेकांना चांगली ओळखून असतात. बरेच सर फौजेतून आलेले, कधीकाळी एकाच रेजिमेंटमध्ये राहिलेले. व्हेट तोच, नालबंदही तोच. नालबंद दर दीड-दोन महिन्यांनी प्रत्येक तबेल्यात येतो, आणि खूर तासताना त्याचं तोंड रिकामंच असतं. तुम्ही शनिवारी दुसरीकडे ट्रायल घेतलीत की जुन्या सरांना ते तुमच्या आधी कळतं. मग राग येतो तो तुम्ही गेलात म्हणून नव्हे, दुसऱ्याच्या तोंडून कळलं म्हणून.

मी स्वतः सर बदलले आहेत, आणि जुन्या तबेल्यात आजही चहाला जाते. त्या अनुभवावरून हे लिहिते आहे. मोठेपणी शिकणारे आणि शिकणाऱ्या मुलांचे आईवडील, दोघांसाठी. स्वतःचा घोडा असेल तर सातवा भाग आधी वाचा.

१. बदल नक्की कशाचा हवाय ते ठरवा

कंटाळा बहुतेक वेळा सरांचा नसतो, एकाच जागी अडकल्याचा असतो. महिनोन्महिने राइजिंग ट्रॉट (दुडक्या चालीवर लयीत उठत-बसत चालवणं) चाललाय, कँटरचं (त्यापुढच्या वेगवान चालीचं) नाव नाही, आणि मागून आलेला मुलगा पुढे गेला. अशा वेळी पहिलं काम म्हणजे सरांना सरळ विचारणं: "सर, कँटर सुरू करायला माझ्यात नेमकं काय कमी आहे?"

उत्तराकडे नीट लक्ष द्या. "ट्रॉटमध्ये तुझे हात लगामावर लटकतात, घोड्याच्या तोंडाला झटके बसतात, ते थांबू दे" हे खरं उत्तर आहे. "जो घोडा शांतपणे कँटर करतो तो सध्या लंगडतोय" हेही खरं असू शकतं. रेसमधून निवृत्त झालेले थरोब्रेड जातीचे घोडे बऱ्याच राइडिंग स्कूलमध्ये असतात आणि त्यातले सगळेच नवशिक्याला कँटरला देण्यासारखे नसतात. पण दोन-तीनदा विचारूनही "वेळ आली की होईल" एवढंच ऐकू येत असेल, तर बदलाचा विचार करायला हरकत नाही.

कधी कधी घोडा किंवा बॅच बदलून काम भागतं. सकाळी सहाच्या बॅचला एका सरांपुढे दहा-बारा जण आणि संध्याकाळी चार, असं एकाच तबेल्यात दिसतं. तेही विचारून बघा.

आणि काही कारणं अशी असतात की त्यात कुणाचाच दोष नसतो. सर जन्मभर टेंट पेगिंग (भरधाव घोड्यावरून भाल्याने जमिनीतली खुंटी उचलणं) आणि जंपिंगमध्ये राहिलेले, तुमच्या मुलीला ड्रेसाज (घोड्याकडून ठरलेल्या चाली अचूक करवून घेणं) करायचंय. २०२३ मध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या संघाने ड्रेसाजचं सुवर्ण घेतलं, तेव्हापासून आमच्या ओळखीतल्या मुलांमध्ये हे वेड वाढलंय. त्या संघातले स्वारही घरच्या सरांपाशी थांबले नव्हते, युरोपात जाऊन शिकले होते. या खेळात पुढे जायचं तर सर बदलावेच लागतात, आणि जुन्याजाणत्या सरांना हे आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. घर लांब पडणं, फी न झेपणं, सतत ओरडून शिकवणं तुम्हाला न मानवणं, हीसुद्धा पुरेशी कारणं आहेत. ती कुणाला पटवून द्यायची गरज नाही.

२. हे असेल तर शिष्टाचार गुंडाळून ठेवा

खालच्यापैकी काहीही दिसलं तर पुढची सगळी पथ्यं सोडा आणि त्याच दिवशी निघा:

- हेल्मेटशिवाय बसवतात किंवा "हळूच चालवायचंय, कशाला हवं" म्हणतात
- पडल्यावर मार कुठे लागला हे न बघता लगेच पुन्हा चढवतात
- पाठीवर जखम असलेल्या किंवा लंगडणाऱ्या घोड्यावर खोगीर चढवतात
- काटेरी लगाम वापरतात (त्याला कायद्याने बंदी आहे)
- बसण्याची पद्धत सुधारण्याच्या नावाखाली नको तिथे हात लावतात

शेवटची गोष्ट लहान मुलाच्या बाबतीत घडली असेल तर ती पोक्सो कायद्याखाली येते. तिथे "सरांना वाईट वाटेल" हा प्रश्नच नाही, पोलिसांकडे जायचं. बाकीचा लेख चांगल्या सरांना सोडण्याबद्दल आहे.

३. कागद आणि पैसे आधी निस्तरा

निरोप घेताना पैशाचा विषय निघाला की बोलणं बिघडतं, म्हणून तो आधीच संपवा. काढून ठेवायच्या गोष्टी:

- पॅकेजची पावती: किती क्लास घेतले, किती उरले, मुदत कधीपर्यंत
- डिपॉझिट किंवा सभासदत्व असेल तर त्याचे नियम, नोटीस किती दिवसांची
- प्रवेशाच्या वेळी सही केलेला जबाबदारीचा फॉर्म, त्याचा फोटो तरी
- मुलाने स्पर्धा खेळल्या असतील तर प्रमाणपत्रं आणि भारतीय अश्वारोहण महासंघाकडची नोंदणी
- तबेल्याच्या लॉकरमधलं स्वतःचं सामान: हेल्मेट, बूट, चॅप्स, हातमोजे, स्वतः घेतलेला ब्रश
- तुमच्याकडे राहिलेलं तबेल्याचं सामान

शेवटचा मुद्दा फार जण विसरतात. उधार आणलेला चाबूक घरी पडून राहतो आणि पुढे वर्षभर तेच ऐकावं लागतं.

उरलेल्या क्लासचे पैसे परत मिळतीलच अशी अपेक्षा ठेवू नका. बहुतेक ठिकाणी पॅकेज परत न मिळण्याच्या अटीवरच असतं. दोन-चार क्लास उरले असतील तर ते घेऊन संपवा आणि मग निघा. जास्त उरले असतील तर मुदत वाढवून मिळेल का, किंवा दुसऱ्या कुणाच्या नावावर करता येतील का, एवढंच विचारा.

सर स्वतंत्रपणे शिकवतात की क्लबच्या पगारावर आहेत, हेही बघून घ्या. क्लबमध्येच एका सरांकडून दुसऱ्यांकडे जायचं असेल तर नोंद मॅनेजरकडे होते. तरीही आधी सरांशी बोलायचं. नाहीतर त्यांना सोमवारच्या यादीतून तुमचं नाव गायब झालेलं दिसतं, आणि त्याच मैदानावर तुम्ही पन्नास फुटांवर दुसऱ्याच्या हाताखाली गोल फिरत असता.

४. नवी जागा बघा, पण बसू नका

यावर लोकांची मतं वेगळी आहेत. माझं मत असं: सांगायच्या आधी नुसतं बघायला जाणं यात काही गैर नाही. घोड्यावर बसणं मात्र सांगून झाल्यावर. बघायला गेलेला माणूस पाहुणा असतो, ट्रायल घेतलेला माणूस बातमी होतो. "ट्रायल आवडली नाही तर मी दोन्हीकडून जाईन" ही भीती वाटत असेल तर जुन्या सरांना एवढंच सांगा की एक-दोन ठिकाणी बघणार आहे.

बघायला जाल तेव्हा मैदानाच्या कडेला अख्खा एक क्लास उभे राहा. जंप किती उंच आहेत याकडे बघून काही कळत नाही. हे बघा:

बसायच्या आधी तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) कोण तपासतं? चढायच्या आधी एकदा आणि थोडं चालवून झाल्यावर पुन्हा एकदा तपासायला हवा, कारण बरेच घोडे खोगीर घालताना पोट फुगवून धरतात. पाच मिनिटांत तंग सैल पडतो आणि नवशिक्या खोगिरासकट एका बाजूला घसरतो. क्लास संपल्यावर घोडे तसेच धापा टाकत उभे करतात की तंग सैल करून चालवतात? खोगीर उतरवल्यावर पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके दिसतात का? ते जुन्या दाबाच्या जखमांचे असतात. एखाद-दुसऱ्या घोड्यावर असणं समजू शकतं, पण सगळ्यांवरच असतील तर त्या तबेल्याची खोगिरं घोड्यांच्या मापाची नाहीत. ओठांचे कोपरे बघा, तंगाच्या जागी सोललेलं बघा. कुणी पडलं तर सर आधी घोडा पकडायला धावतात की माणसाकडे, तेही बघा.

आणि एक सापळा: नवे सर तुमच्या जुन्या सरांबद्दल वाईट बोलू लागले तर सावध व्हा. "त्यांच्याकडून आलात? मग सगळं पुन्हा शिकवावं लागणार" असं हसत म्हणणारा माणूस उद्या तुमच्याबद्दलही असंच बोलेल.

५. सांगायचं कुणाला, कधी आणि कसं

आधी सरांना. घोड्यांची निगा राखणाऱ्या सईसाला नाही, बॅचमधल्या मैत्रिणीला नाही, ग्रुपवर तर मुळीच नाही.

वेळ निवडताना क्लासच्या आधी सांगू नका. तुम्हाला अजून तासभर त्यांच्या हाताखाली राइड करायची असते, त्या तासात दोघांचंही लक्ष लागत नाही. क्लास संपून घोडा बांधला गेला, सर खुर्चीवर टेकले की बोला. स्पर्धेच्या तोंडावर तर सांगूच नका. त्यांनी तुमच्या मुलाला धरून संघ आणि घोड्यांची वाटणी केलेली असते. आपल्याकडे स्पर्धांचा हंगाम थंडीचा असतो, त्यामुळे उन्हाळ्याची सुट्टी किंवा पावसाळा बदलाला बरा. पावसाळ्यात मैदान चिखल होतं, क्लास तसेही रद्द होतात, एकाने कमी झालेलं फारसं जाणवत नाही. दसरा जवळ असेल तर तो होऊ द्या. त्या दिवशी तबेल्यात घोडे धुऊन-पुसून झेंडूच्या माळा घालतात, खोगिरांची पूजा होते, सर सगळ्यांना घरच्यासारखं बोलावतात. त्याच्या आदल्या आठवड्यात सोडून जाणं वाईट दिसतं.

बोलणं लांबवायची गरज नाही. काहीसं असं:

"सर, एक सांगायचं होतं. मला ड्रेसाज शिकायचंय, म्हणून पुढच्या महिन्यापासून मी दुसरीकडे सुरू करायचं म्हणतेय. इतरांकडून कळण्याआधी तुम्हाला स्वतः सांगावं म्हणून थांबले. माझी बैठक तुम्ही बसवलीत, भीती तुम्ही घालवलीत. हा महिना पूर्ण करूनच जाईन."

यात कारण एकच आहे, आणि ते तुमच्या गरजेचं आहे, त्यांच्या उणिवेचं नाही. आभार नेमक्या गोष्टीचे आहेत. तारीख ठरलेली आहे. "तुमचं मत काय?" हा प्रश्न मुद्दाम नाही, कारण तो विचारला की मन वळवणं सुरू होतं.

खोटं कारण देऊ नका. "अभ्यास वाढलाय", "पाठ दुखते", "ऑफिसची वेळ बदलली" ही तीन ठरलेली कारणं सगळ्या सरांना पाठ आहेत. पंधरा दिवसांनी तुम्ही दुसऱ्या मैदानावर दिसता आणि मग खरं वाईट वाटतं. सगळं खरं सांगायचं नसेल तर कमी सांगा, पण जेवढं सांगाल तेवढं खरं असू द्या.

सर काय म्हणतील? काही जण "ठीक आहे बेटा, शिक चांगलं" म्हणून विषय संपवतात. फौजेतले उस्ताद बहुधा असेच असतात, त्यांनी बदल्यांमध्येच आयुष्य काढलेलं असतं. काही जण समजावतात: "पुढच्या महिन्यात नवा घोडा येतोय, तो तुलाच देणार होतो." इथे पाय घसरतो. उत्तर एकच: "सर, तुम्ही माझा विचार केलात हे खूप आहे, पण मी ठरवलंय." आणि एखादे सर चिडतात. चिडले तर वाद घालू नका, ऐकून घ्या, नमस्कार करा, निघा. पुढच्या क्लासला वेळेवर या, नेहमीसारखी राइड करा.

मुलांच्या बाबतीत बोलायचं काम आईवडिलांचं. "तूच सांग सरांना" म्हणून मुलाला पुढे करू नका. पण मूल तिथे असू द्या आणि "थँक यू सर" त्याच्या तोंडून येऊ द्या. सरांना गोडी मुलाची असते, तुमची नव्हे.

प्रत्यक्ष भेट शक्यच नसेल तर फोन. मेसेज फक्त बोलणं झाल्यावर, तारीख आणि हिशोब लेखी राहावा म्हणून: "सर, काल बोलल्याप्रमाणे ३० तारखेचा क्लास शेवटचा. माझ्याकडून काही बाकी असेल तर कळवा. सगळ्यासाठी मनापासून आभार."

६. सईस आणि घोडा

सरांचा निरोप घेतला की लोकांना वाटतं झालं. पण पहाटे साडेपाचला उठून तुमच्यासाठी घोड्याला खरारा करणारा, पाय ठेवायची रिकीब तुमच्या मापाला लावून ठेवणारा, पडलात तेव्हा पहिला धावलेला माणूस सईस असतो. त्याला शेवटच्या दिवशी वेगळं भेटा, हातात पाकीट द्या, सगळ्यांसमोर नको. किती द्यायचे हे ऐपतीवर, पण दिवाळीला देत होतात त्याहून कमी नको. त्याच्याकडून नव्या तबेल्याची माहिती काढू नका आणि जुन्या सरांबद्दल त्याच्यापाशी बोलू नका. त्याला तिथेच नोकरी करायची आहे.

घोड्याला गाजर किंवा गुळाचा खडा द्यायचा तर विचारून द्या. निरोपाच्या भरात पिशवीभर खाऊ घालणारे असतात, आणि रात्री व्हेटला बोलवावं लागतं. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं चुकीचं काही बाहेर टाकायची सोय त्याला नसते. मुलं घोड्यासाठी रडतात, सरांसाठी नाही. रडू द्या. "तिथे याच्यापेक्षा छान घोडा आहे" असं मात्र त्या घोड्यासमोर उभं राहून म्हणू नका, सईस ऐकत असतो.

७. स्वतःचा घोडा असेल तर

इथे प्रकरण वेगळं, कारण तुम्ही सरांचं नियमित उत्पन्नही काढून घेत असता. किमान महिन्याची नोटीस द्या, आणि दाणा-चारा, नालबंद, व्हेट यांचा सगळा हिशोब घोडा हलवायच्या आधी चुकता करा. कागद: घोड्याचा पासपोर्ट, इन्फ्लुएन्झा आणि धनुर्वाताच्या लसींच्या नोंदी, जंताच्या औषधाच्या तारखा, शेवटची नाल कधी मारली ते, आणि ग्लँडर्सच्या तपासणीचा अहवाल. ग्लँडर्स माणसालाही होतो आणि कायद्याने तो सरकारला कळवावा लागणारा रोग आहे. तपासणी न झालेला घोडा चांगला तबेला आत घेत नाही. तपासणीला वेळ लागतो, म्हणून आधी नमुना, मग गाडीची तारीख.

जुन्या तबेल्यातला दाणा चार-पाच दिवस पुरेल एवढा विकत मागून घ्या. खाणं एकदम बदललं की पोटशूळ होऊ शकतो. सात ते दहा दिवसांत जुनं कमी, नवं जास्त असं करत न्यायचं. ही मागणी जुन्या सरांकडे करायला लाज वाटून घेऊ नका. घोड्याच्या तब्येतीचं काम आहे म्हटल्यावर रुसलेला माणूसही नाही म्हणत नाही.

८. नव्या सरांकडचे पहिले क्लास

आपली पातळी खरी सांगा. "मला येतं" हे कुणाला काहीच सांगत नाही. "वॉक-ट्रॉट एकटीने, कँटर फक्त लुंजवर, एकदा पडले होते, उजवा खांदा दुखतो" हे सांगा. त्यावरून घोडा ठरतो. पहिल्या दिवशी लुंजला लावलं तर अपमान मानू नका. लांब दोरीवर गोल फिरवून ते तुमची बैठक बघत असतात, चांगले सर हे करतातच.

मग गोंधळ सुरू होईल. जुन्या सरांनी 'क्विट अँड क्रॉस स्टिरप्स' म्हणत अर्धा क्लास रिकिबीशिवाय काढायला लावलेला असतो, नवे सर रिकीब चार भोकं लांब करतात आणि पाय खाली सोडायला सांगतात. जंपिंगला रिकीब आखूड, ड्रेसाजला लांब, इतकंच त्यामागे असतं. कुणी चुकलेलं नसतं. "पण आमचे आधीचे सर म्हणायचे..." हे वाक्य जिभेवर येईल, तेव्हा ते प्रश्न म्हणून विचारा: "सर, आधी मी टाच जास्त दाबायची, आता किती ठेवू?" नावं घेऊन तुलना करू नका.

हेल्मेट जुनं असेल आणि त्याच्यावर पडण्याचा जोरदार मार बसला असेल तर याच निमित्ताने नवं घ्या. बाहेरून तडा दिसत नसला तरी आतला थर दबलेला असतो.

९. पुढे गाठ पडेल तेव्हा

पडणारच. स्पर्धेत, नालबंदाच्या दारात, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात. जुने सर दिसले की आधी आपण पुढे व्हा, वाकून नमस्कार करा, नव्या सरांची ओळख करून द्या. "हे माझे पहिले सर" एवढं म्हटलं की पुरे. कठड्याबाहेरून त्यांनी ओरडून "हात खाली!" म्हटलं तर हात खाली घ्या. नवे सर समजून घेतात.

आणि नवीन जागा जमलीच नाही, परत जावंसं वाटलं, तर जाता येतं. फोन करून नव्हे, जाऊन विचारा. नव्या जागेच्या तक्रारी सांगत बसू नका. फी आता वाढली असेल, जुनी मागू नका. तुमचा घोडा दुसऱ्या कुणाला दिलेला असेल, तोच हवा म्हणून अडून बसू नका. सर बहुधा फार काही विचारणार नाहीत. "सहाच्या बॅचला ये" म्हणतील आणि सईसाला हाक मारतील.